फातोर्ड्याची अवे मॅच: मुंबईहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फुटबॉलचा अवे सामना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा, बघायला गोव्यात फातोर्ड्याला जाणं सोपं आहे, घोळ परतीचा असतो. सामना संध्याकाळी साडेसातचा. मध्यंतर आणि जादा मिनिटं धरून शेवटची शिट्टी सव्वानऊ-साडेनऊला वाजते. मुंबईची कोकणकन्या मात्र सातच्या सुमारासच मडगाव सोडते. म्हणजे तुम्ही स्टँडमध्ये गाणी म्हणत असता आणि तुमची गाडी तिकडे कुडाळच्या वाटेला लागलेली असते. नवखे लोक जातानाचं तिकीट उत्साहाने काढतात आणि परतीचं "बघू तिथे गेल्यावर" म्हणतात. इथे उलट चालायचं.

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या समर्थकांना सगळ्यात जवळचा खरा अवे दौरा म्हणजे एफसी गोवा. मडगावच्या फातोर्डा भागातल्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर हा सामना होतो. पुढची माहिती त्या एका प्रवासाची आहे. गाड्यांच्या वेळा बिगरपावसाळी वेळापत्रकातल्या आहेत. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेग कमी ठेवतात आणि सगळ्याच वेळा सरकतात, त्यामुळे हंगामाचे सुरुवातीचे सामने असतील तर निघण्याआधी वेळ नव्याने तपासा.

१. तारीख कच्ची धरा

आयएसएलचं (इंडियन सुपर लीगचं) वेळापत्रक अनेकदा दोन टप्प्यांत येतं आणि जाहीर झाल्यावरही बदलतं. प्रक्षेपणासाठी साडेसातचा सामना पाचला येतो, नाहीतर शनिवारचा रविवारी जातो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. तारीख कळली की त्या दिवसाचा अलार्म लावा. सामना पुढे गेला म्हणून रेल्वे वेगळे पैसे परत देत नाही, नेहमीचाच रद्दीकरणाचा नियम लागतो. म्हणून विमानाचं परत न मिळणारं स्वस्त तिकीट आणि "नॉन-रिफंडेबल" खोली या दोन्ही गोष्टी सामन्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत टाळलेल्या बऱ्या. रेल्वेत नुकसान शेकड्यांत होतं, विमानात हजारांत.

२. आधी परतीचं ठरवा

साडेसातच्या सामन्यानंतर तुमच्यापुढे मुख्य चार मार्ग असतात.

*रात्रीचा मुक्काम, सकाळी मांडवी.* मडगावहून सव्वानऊच्या सुमारास सुटते, सीएसएमटीला रात्री पावणेदहाच्या आसपास. आख्खा दिवस गाडीत जातो. पण तिकीट मिळण्याची शक्यता बरी असते आणि गाडीतलं खाणं कोकण रेल्वेवर नावाजलेलं आहे. सामना हरल्यावर हाच प्रवास बरा.

*रात्रीचा मुक्काम, दुपारची गाडी.* वंदे भारत २ वाजून ४० मिनिटांनी सुटते, साडेदहाच्या आत सीएसएमटी. जनशताब्दी आणि तेजस तीनच्या आसपास निघतात. वंदे भारत शुक्रवारी नसते, तेजसही रोज नसते. गुरुवारचा सामना असेल तर इथेच फसाल.

*विमान.* दाबोळी विमानतळ मडगावहून पाऊण-एक तासावर आहे. मोपा उत्तर टोकाला, पेडण्यात. तिथे पोचायला दीड तासाच्या वर धरा. तिकिटाच्या संकेतस्थळावर दोन्ही "गोवा" म्हणूनच दिसतात. पाचशे रुपये वाचवून मोप्याचं पहाटेचं विमान घेतलंत तर टॅक्सीत त्याच्या तिप्पट जातील.

*स्वतःची बस.* तीसेक माणसं जमली तर याला तोड नाही. नेहमीच्या खासगी स्लीपर बस गोव्यातून संध्याकाळीच निघून जातात, त्यामुळे सामन्यानंतर रस्त्यावर उभं राहून बस मिळेल हा भ्रम आहे. आख्खी बस ठरवलीत तर रात्री साडेदहाला निघून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुंबई. ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या: दोन चालक असतील, परराज्याचा परमिट आणि कर भाड्यात धरला आहे, आणि बस सामना संपेपर्यंत थांबेल. तिसरी अट तोंडी ठेवलीत तर साडेनऊला चालकाचा फोन येतो की पार्किंगमधून हाकललं, आता बायपासला या. मग तीस माणसं ढोल घेऊन अंधारात चालत निघतात.

पाचचा सामना असेल तर दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या बघा. मडगावचा थांबा रात्री आठच्या पुढचा असेल तरच तिकीट काढा. त्याहून आधीची गाडी पकडायची तर शेवटची दहा मिनिटं सोडावी लागतात आणि फातोर्ड्यात ते परवडत नाही. २४ एप्रिल २०२४ च्या उपांत्य सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे होता. नंतर छांगतेचे दोन आणि विक्रम प्रताप सिंगचा एक असे तीन गोल होऊन मुंबईने ३-२ ने सामना घेतला. त्या दिवशी लवकर उठणाऱ्याला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

३. जाताना कुठली गाडी

कोकणकन्या सर्वांत सोयीची. सीएसएमटीहून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी, मडगावला सकाळी दहाच्या आसपास. दोन तास उशीर झाला तरी दिवस हातात राहतो. दादर, ठाणे, पनवेललाही थांबते.

त्याच दिवशी सकाळी निघायचं तर जनशताब्दी (५.१०) किंवा वंदे भारत (५.२५). दोन्ही दुपारी एक ते सव्वादोनच्या दरम्यान पोचवतात. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला तुमची गाडी एखाद्या छोट्या स्थानकावर अर्धा तास उभी राहिली तर त्यात नवल नाही. तेवढी फट वेळापत्रकात ठेवाच.

मांडवी जाताना घेऊ नका. सकाळी ७.१० ला निघते म्हणून पुरेशी लवकर वाटते, पण मडगावला संध्याकाळी सातच्या सुमारास लागते. थोडा उशीर झाला की राष्ट्रगीत रिक्षात ऐकायचं.

तुतारी दादरहून निघते आणि सावंतवाडीला संपते. तळकोकणातल्या मंडळींना ठीक, इतरांना पुढे बस बदलावी लागेल. पुण्याहून येणाऱ्यांना मिरज-लोंढ्यावरून येणारी गोवा एक्सप्रेस थेट मडगावला सोडते.

आणि उतरायचं ते मडगावलाच. थिवी आणि करमळी हीसुद्धा गोव्यातली स्थानकं आहेत, पण उत्तरेकडची. "गोवा आला" म्हणून थिवीला उतरलेला माणूस फातोर्ड्यापासून चाळीसेक किलोमीटर लांब असतो.

४. आरक्षण: गटाने काढताना

एका तिकिटावर सहा जण बसतात, तत्काळमध्ये चार. बारा माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी दोन तिकिटं काढायची. एकानेच सगळी काढायला घेतली तर दुसऱ्या तिकिटापर्यंत वेटिंग लागलेलं असतं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ ला. आयआरसीटीसीच्या खात्याला आधारची पडताळणी आधी झालेली हवी, त्या क्षणी करायला बसलात तर गेलं. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढू देत नाहीत. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट तर चार्ट लागला की आपोआप रद्द होतं. आरएसी मिळालं तर जा, बसायला जागा नक्की असते.

ठाण्याहून किंवा पनवेलहून चढणार असाल आणि तिकीट सीएसएमटीचं असेल, तर चढण्याचं स्थानक आधी ऑनलाइन बदला. नाहीतर तिकीट तपासनीस तुम्हाला गैरहजर धरून बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

खर्चाचा अंदाज: स्लीपर साडेचारशेच्या आसपास, थ्री-टियर एसी बाराशेच्या आतबाहेर, वंदे भारतची चेअर कार अठराशे ते दोन हजार. मुक्काम, खाणं, रिक्षा धरून थ्री-एसीने जाणाऱ्याने पाच हजार बाजूला काढावेत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर हा हिशेब विसरा, खोल्यांचे भाव तेव्हा आभाळाला भिडतात.

गटाचे पैसे आधी गोळा करा आणि "नाव दिलं म्हणजे पैसे दिले" हा नियम पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाका. तोंडी "मी नक्की" म्हणणाऱ्यांतले निम्मे आदल्या रात्री गळतात.

५. सामन्याचं तिकीट

क्लबच्या अधिकृत पानावर जो दुवा असतो तिथूनच घ्या. तिकीट घेण्याआधी एक गोष्ट विचारून ठेवा: पाहुण्या समर्थकांसाठी कुठला स्टँड आहे? मुंबई सिटीच्या समर्थकांचा गट, वेस्ट कोस्ट ब्रिगेड, अशा दौऱ्याला सहसा ही माहिती आधीच देतो. बरेचदा अवे स्टँडची तिकिटं गटामार्फतच मिळतात.

स्वस्त दिसलं म्हणून यजमानांच्या स्टँडचं तिकीट काढून मुंबईची निळी जर्सी घालून जाऊ नका. दारावरच अडवतात किंवा आत गेल्यावर उठवून दुसरीकडे नेतात. मारामारीची भीती फार नाही, गोव्यात सामन्याला कुटुंबंच्या कुटुंबं येतात. पण मुंबईने गोल केल्यावर तुम्ही उडी मारणार, आणि मागच्या रांगेतल्या आजोबांनी ती का सहन करावी?

मोबाइलवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. गेटवर हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात आणि नेमकं तेव्हा अ‍ॅप उघडत नाही.

६. सोबत काय हवं

- मूळ ओळखपत्र, प्रत्येकाचं स्वतःचं. हॉटेलवाले खोलीतल्या प्रत्येक माणसाचं मागतात. एकाचं दाखवून चौघे राहू, हे चालत नाही.
- रेल्वे तिकिटाचा आणि सामन्याच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट, दोन फोनवर.
- रोख दीड-दोन हजार, सुट्ट्यांसह. रिक्षावाला आणि गाडेवाला यांच्याकडे यूपीआय असतं, रात्री रेंज नसते.
- बॅगेला छोटं कुलूप. मडगाव स्थानकाच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग ठेवून घेत नाहीत.
- पातळ कपड्याची छोटी कंबरपिशवी: फोन, पाकीट, किल्ली. बस्स.
- स्कूटर घेणार असाल तर मूळ वाहन परवाना.

७. बॅनर आणि ढोल

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त मेहनत इथेच वाया जाते.

बॅनर फ्लेक्सवर छापू नका. फ्लेक्स घडी घातला की चिरतो, वाऱ्यात फडफडून डोकं उठवतो आणि गेटवरच्या पोलिसाला तो एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा वाटतो. मांजरपाट घ्या. ३६ इंची पन्ह्याचं दहा मीटर कापड आणलं की पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या लांबीला जोडून जवळपास सहा फूट उंच, पाच मीटर लांब बॅनर होतो. चारही कडांना दुहेरी दुमड घालून शिवून घ्या आणि दर मीटरला एक पितळी रिंग ठोकून घ्या. रिंगा साध्या कापडात ठोकल्या तर पहिल्याच ताणात फाटून बाहेर येतात, दुमडीच्या जाडीतच ठोकायच्या.

अक्षरं आधी खडूने आखा. अ‍ॅक्रेलिक रंगाचे दोन हात द्या, पहिला हात वाळल्यावरच दुसरा. खाली जुनी वर्तमानपत्रं नव्हे, प्लॅस्टिक अंथरा. मांजरपाटातून रंग झिरपतो, कागद खाली चिकटून बसतो आणि मग नखाने खरवडत बसावं लागतं. पूर्ण वाळायला रात्र जाऊ द्या. घडी घालताना अक्षरं आतल्या बाजूला, आणि वरचा डावा कोपरा बाहेर राहील अशी. त्या कोपऱ्याच्या मागे पेनने "वर डावा" लिहून ठेवा. स्टँडमध्ये सहा जण सहा टोकं धरून बॅनर उलटा उघडतात, तेव्हा या दोन शब्दांची किंमत कळते. बांधायला नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या. कात्री आत नेता येत नाही, म्हणून दोरीचे तुकडे आधीच करून आणा.

परवानगी आधी काढायची. बॅनरवरचा मजकूर, माप आणि फोटो, ढोलांची संख्या, ते आणणाऱ्यांची नावं, हे सगळं समर्थक गटामार्फत यजमान क्लबकडे चार-पाच दिवस आधी पोचलं पाहिजे. मंजुरीचा निरोप फोनवर दाखवता येईल असा ठेवा. गेटवरच्या माणसाला तुमचा ढोल ओळखीचा नसतो. लाकडी काठी, लोखंडी नळी चालत नाही. झेंडा हाताने धरूनच फडकवायचा, असं गृहीत धरून या.

धुराच्या नळकांड्या, फटाके अजिबात नाहीत. त्याचा दंड आपल्याच क्लबला बसतो. शिवाय रेल्वेतून स्फोटक किंवा ज्वालाग्राही सामान नेणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

८. मडगावात उतरल्यावर

स्थानकापासून मैदान तीन-चार किलोमीटर आहे. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्स हे अ‍ॅप आहे, पण स्थानकाच्या दारात स्थानिक टॅक्सीवाले कधीकधी अ‍ॅपची गाडी लागू देत नाहीत. रस्त्यापर्यंत चालत जाऊन मागवा. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. एकटे असाल तर पायलट सर्वांत स्वस्त. पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा टॅक्सीवाला, मागे एकच माणूस.

कदंब बसस्थानक मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पणजीहून विनाथांबा बसने येणाऱ्यांना हे फार सोयीचं. परतीला मात्र रात्री त्या बस विरळ होतात, त्यामुळे साडेनऊनंतर पणजी गाठण्याच्या भरवशावर राहू नका. खोली मडगावात किंवा कोलव्यात घ्या. कळंगुट-बागा नकाशावर मोहक दिसतं, पण सामन्यानंतर तिथे जायला तासाच्या वर आणि टॅक्सीला भरपूर पैसे लागतात.

भाड्याची स्कूटर घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने दिलेली असेल तर पोलीस तुम्हालाच धरतात. आणि हेल्मेट! मैदानात नेता येत नाही, गाडीवर ठेवलं तर जातं. एक तर गाडीच्या कुलुपात अडकवायची साखळी घ्या, नाहीतर स्कूटर खोलीवरच ठेवून रिक्षाने या.

९. गेटवर आणि आत

किक-ऑफच्या दीड तास आधी गेटवर. पाठीवरची सॅक, पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, सिगारेट, छत्री, मोठा कॅमेरा, बाहेरचं खाणं हे सगळं अडकतं. पॉवर बँक तिथेच टाकून द्यावी लागते आणि ती परत मिळत नाही, म्हणून फोन खोलीवर पूर्ण चार्ज करून या. पाणी आत विकत मिळतं. दमट हवा, त्यात नव्वद मिनिटं ओरडायचं. मध्यंतराची वाट न बघता अधूनमधून प्या.

दारू पिऊन आलेल्याला सरळ बाहेर काढतात. गोव्यात असल्याच्या भरात दुपारी तीनपासून सुरू केलेल्यांचा सामना बहुधा गेटवरच संपतो.

आत शिव्यांची गाणी टाळा. इथल्या लोकांना मराठी व्यवस्थित कळतं. आणि स्कोअर काहीही असो, स्टँड सोडायचा नाही. १७ नोव्हेंबर २०१५ ला याच मैदानावर मुंबईने ७-० ने मार खाल्ला होता. अशा संध्याकाळीही सामना संपल्यावर खेळाडू पाहुण्या स्टँडकडे येतात तेव्हा तिथे माणसं असली पाहिजेत, अवे दौऱ्याला एवढंच तर करायचं असतं.

१०. शिट्टीनंतर

पाहुण्यांना वीस मिनिटं ते अर्धा तास आत थांबवून ठेवतात, बाहेरची गर्दी पांगेपर्यंत. वाद घालून उपयोग नाही. तो वेळ बॅनर नीट घडी घालायला वापरा. बाहेर पडल्यावर मोजणी करा, मग हला. बसस्थानकाच्या बाजूला रात्री गाडे लागतात. रस ऑम्लेट घ्या: ऑम्लेटवर कोंबडीचा तिखट रस्सा, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. घसा बसलेला असतो, तरी रस्सा आणखी मागितला जातोच.

गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. स्वस्त मिळाली म्हणून चार बाटल्या बॅगेत टाकणारा एक तरी असतोच. सीमेवर बांद्याच्या बाजूला बस तपासतात आणि एकासाठी सगळी बस खोळंबते. निघण्याआधी प्रत्येकाला स्पष्ट विचारा.

११. गोव्याहून मुंबईला येणाऱ्यांसाठी

तुमचं नशीब बरं आहे. मुंबई फुटबॉल अरीना अंधेरी पश्चिमेला, मेट्रोच्या आझादनगर स्थानकाला लागून. येताना रात्रीची कोकणकन्या पहाटे मुंबईत सोडते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने अंधेरी, तिथून मेट्रोने एक स्थानक.

परतीची कोकणकन्या रात्री ११.०५ ला आहे, म्हणजे साडेसातच्या सामन्यानंतरही ती गाठता येते. पण सीएसएमटीला धावत जाऊ नका. आझादनगरहून मेट्रोने घाटकोपर, तिथून मध्य रेल्वेच्या लोकलने ठाणे. तिकिटावर चढण्याचं स्थानक ठाणे करून घ्या, तिथे गाडी पावणेबाराच्या आसपास येते आणि तुम्हाला जवळपास दोन तास मिळतात. गाडी ठाण्याला काही मिनिटंच थांबते, त्यामुळे आपला डबा कुठे लागतो ते फलकावर बघून तिथेच उभे राहा.